बाणाचं वजन: शिकाऱ्याचं गणित, आपलं मैदान

तिरंदाजीला नवीन आलेलं पोट्टं हमखास विचारतं, "सर, रोही (नीलगाय) पाडाले किती वजनाचा बाण लागते?" अमेरिकन शिकाऱ्यांचे व्हिडिओ पाहून आलेलं असतं. रातच्याला डुकरांनी वावर उलथवलं असेल, तर त्यामागचा रागही समजतो. पण १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्यापुढे हा विषय तिथंच मिटतो.

गणित मात्र ऐकून ठेवा. तिकडे बाण ग्रेनमध्ये तोलतात; एका ग्रॅममध्ये साधारण साडेपंधरा ग्रेन. हरणाला साधारण ४०० ते ४५०, सांबराहून थोराड एल्कला ५००च्या आसपास, आफ्रिकेतल्या रानरेड्याला ६५०च्या वर. जड बाण सावकाश जातो, पण धनुष्याची ताकद जास्त उचलतो आणि हाडाला लागूनही आत घुसतो. शिकारी वीस-तीस यार्डांवरून मारतो, तेवढ्यात बाण फारसा खाली येत नाही.

आपल्याला घुसवायचं काहीच नाही. कम्पाउंडला (चाकं लावलेलं धनुष्य) ५० मीटर, रिकर्व्हला (टोकं पुढे वळलेलं, बिनचाकाचं) ७०. नवख्याचं रिकर्व्ह २८-३० पाउंडांचं, म्हणजे खेचायला तेवढा जोर लागणारं असतं. त्यावर जड बाण चढवला की ७० मीटरला साइट (नेम धरायची खूण) खाली सरकवत सरकवत संपते, पण बाण काही पोचत नाही. म्हणून हलका घ्या, पण हद्दीत. कम्पाउंडला दर पाउंडामागे किमान ५ ग्रेन हवेतच, म्हणजे ५० पाउंडांना २५०. त्याखाली गेलात तर उरलेला झटका लिंब, म्हणजे धनुष्याच्या वाकणाऱ्या पात्या, खातात आणि एखाद दिवशी तडकतात.

वजनाआधी स्पाइन, म्हणजे बाणाचा ताठपणा, बघा, हे मी प्रत्येकाला बजावतो. २८ इंचांच्या आधारावर ठेवलेल्या शाफ्टच्या (बाणाच्या दांड्याच्या) मध्यावर ८८० ग्रॅम टांगले की तो अर्धा इंच वाकला, तर स्पाइन ५००. आकडा मोठा तितका बाण नरम. टोकाला १०० ऐवजी १२० ग्रेन लावलेत तर तोच बाण आणखी नरम वागतो. बुलढाण्याच्या प्रथमेश जावकरने २०२३ मध्ये शांघायला वर्ल्ड कपचं सुवर्ण जिंकलं, तेव्हापासून पोट्ट्यांना त्याच्यासारखेच बाण हवे असतात. अरे, त्याचं धनुष्य त्याच्या खेचीचं, तुझं तुझ्या!

ग्रेनचा काटा आपल्याकडे कुठे मिळणार? ओळखीच्या सराफाकडे दुपारी गिऱ्हाईक नसताना जा. ग्रॅमचा आकडा १५.४३ने गुणला की ग्रेन. डझनातला प्रत्येक बाण तोला, पिसांजवळ मार्करने वजन लिहा. ५० आणि ७० मीटरच्या पात्रता फेरीत एका एंडला, म्हणजे एका पाळीला, सहा बाण लागतात. एकमेकांशी जास्तीत जास्त दोन ग्रेनांचा फरक असलेले सहा आणि वर दोन राखीव निवडा. बाकीचे जवळच्या सरावाला.