मुंबईत राहून गावासाठी वेबसाइट करायच्या, तर कशा?

मुंबईतल्या मराठी घरांत कोडिंग येणारी मुलं-मुली आता भरपूर आहेत, आणि त्यातल्या अनेकांचं गावाशी नातं अजून घट्ट आहे. गणपतीला आणि शिमग्याला ती हमखास गावी असतात. फ्रीलान्स काम शोधताना मात्र त्यांची नजर परदेशी गिऱ्हाइकांकडे जाते. इकडे गावातला आंबा बागायतदार, दोन खोल्यांचा होमस्टेवाला, कोकम-आगळ करणारा बचत गट यांना मुंबईचं गिऱ्हाईक थेट हवं असतं, आणि ते कसं मिळवायचं हे सांगायला कुणी नसतं.

हे काम करण्यासारखं आहे आणि त्यात पैसेही मिळतात. माझी अट एकच: साइट पहिल्या दिवसापासून मालकाची हवी. साइटचा पत्ता त्याच्या नावावर, पैसे त्याच्या खात्यात, भाव बदलणं त्याच्या फोनवरून. पुढची उदाहरणं रत्नागिरी-सिंधुदुर्गाची आहेत, पण जुन्नर-साताऱ्यालाही रीत हीच.

काम कुठे मिळतं

जाहिरातीवर पैसे घालवू नका. गावाचं काम ओळखीतून येतं आणि मुंबईत ती ओळख आयती आहे: ग्रामस्थ मंडळ. परळ-लालबागपासून भांडुप, डोंबिवलीपर्यंत कोकणातल्या गावांची मंडळं पसरली आहेत. त्यांच्या सभेला जा, चिटणीसांना भेटा. गावात कोण काय पिकवतं, कुणाचा मुलगा मुंबईत कुठे असतो, हे त्यांना तोंडपाठ असतं.

दुसरी जागा महालक्ष्मी सरस. राज्याच्या ‘उमेद’ अभियानाचं हे प्रदर्शन मुंबईत भरतं तेव्हा महाराष्ट्रभरातले महिला बचत गट माल घेऊन येतात. गर्दी कमी असेल अशी दुपार बघून जा, दोन पाकिटं विकत घ्या आणि ताईंना विचारा, “प्रदर्शन संपल्यावर हीच चटणी परत हवी असली तर कुठे मागवायची?” बहुतेक वेळा उत्तर पाकिटावरच्या मोबाइल नंबराकडे बोट दाखवून मिळतं. तुमचं काम तिथून सुरू होतं.

साइट खरंच हवी का?

पहिल्या भेटीत लॅपटॉप काढू नका. गेल्या हंगामात आलेले फोन आठवायला सांगा आणि लोक काय काय विचारत होते ते लिहून घ्या. एका बागायतदार काकांनी मला सगळं एका वाक्यात सांगितलं: “पेटी किती डझनाची ता आधी लिव, नायतर लोक फोनार फोन करतले.” साइटचं पहिलं पान यातच ठरलं. पेटी किती डझनाची, फळ केवढं, भाव काय, मुंबईत कुठवर पोचवणार, कोणत्या वारी. बागेचा इतिहास आणि आजोबांचा फोटो त्याच्या खाली.

काहींना साइटची गरजच नसते. दोन खोल्यांच्या होमस्टेला गुगलवरची व्यवसायाची नोंद आणि व्हॉट्सॲप बिझनेसमधला कॅटलॉग पुरतो. दोन्ही फुकट आहेत. तसं स्पष्ट सांगा, तेवढंच नीट लावून द्या आणि त्या मेहनतीचे पैसे घ्या. वाडीतल्या घराला नंबर नसतो, पाणंदीला नाव नसतं, म्हणून गुगल मॅप्सवरचा प्लस कोड, म्हणजे नेमकी जागा सांगणारा छोटा कोड, काढून द्या. तो टाकला की पाहुणा घराजवळ पोचतो, सड्यावर भटकत नाही.

शेतीचं वेळापत्रक आधी बघा

जून-जुलैत लावणी, मग गणपती, ऑक्टोबरात भातकापणी, थंडीत मोहोर आणि फवारण्या, मार्च ते मे आंबा. या काळात कुणाकडे कधी सवड असते ते तुम्ही शोधायचं. आंब्याची साइट असेल तर बोलणी गणपतीत गावी गेल्यावर, मजकूर दिवाळीनंतर, आणि जानेवारीअखेर साइट चालू. फळाचे फोटो मात्र आदल्या मे महिन्यातच काढून ठेवावे लागतात, कारण जानेवारीत झाडावर दाखवण्यासारखं काही नसतं. फोटो व्हॉट्सॲपवर नेहमीसारखा पाठवला की लहान होऊन येतो. ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवायला शिकवा.

नाव फोनवर सांगता आलं पाहिजे

गावाचं नाव रोमन लिपीत लिहिताना एक अडचण नेहमी येते. ‘वाडी’ कुणी डब्ल्यूने लिहितं, कुणी व्हीने. ‘आंबा’मध्ये कुणी एक ए घालतं, कुणी दोन. असा शब्द डोमेनमध्ये, म्हणजे साइटच्या पत्त्यात, असला की मालक फोनवर पत्ता सांगतो आणि गिऱ्हाईक भलतीकडे पोचतं. नाव ठरवण्याआधी घरातल्या चार माणसांना ते फक्त ऐकवा आणि लिहायला सांगा. चौघांनी एकसारखं लिहिलं तरच घ्या. डॉट भारत हे देवनागरी डोमेनही मिळतं, पण मुंबईतलं गिऱ्हाईक बहुधा रोमनमध्येच टाइप करतं, म्हणून मी साधं डॉट इन सुचवतो.

डोमेन मालकाच्या ईमेलवर, मालकाच्या मोबाइलवर ओटीपी मागवून, त्याच्या समोर बसून घ्या. “आता माझ्या खात्यात घेतो, मग बदलू” असं कधीही करू नका. तुम्ही नोकरी बदलाल, परदेशी जाल आणि काकांची साइट तुमच्या विसरलेल्या पासवर्डपायी बंद पडेल.

भाव बदलण्याची सोय

या भागावर सगळ्यात जास्त वेळ द्या. आंब्याचा भाव हंगामात झपाट्याने बदलतो. पाडव्याच्या सुमाराचा भाव अक्षय्य तृतीयेला राहत नाही आणि मे सरता सरता आणखी उतरतो. त्यासाठी दर वेळी तुम्हाला फोन करावा लागत असेल, तर लवकरच साइटवर शिळा भाव राहील.

मोठी ॲडमिन पॅनलं नकोत. एक गुगल शीट करा, त्यात चार रकाने: माल, भाव, शिल्लक आहे का, पोचवण्याचा वार. शीट वेबवर प्रकाशित करा आणि साइटने तिथूनच आकडे वाचावेत, असं करा. बदल काही मिनिटांत दिसतो. ‘शिल्लक’मध्ये ‘नाही’ लिहिलं की ऑर्डरचं बटण आपोआप जाऊन ‘यंदाचा हंगाम संपला’ असं दिसलं पाहिजे. शीट वाचता आली नाही तर भावाच्या जागी मोकळा चौकोन नको, ‘आजच्या भावासाठी फोन करा’ असं येऊ दे.

बागेत रेंज नसते, मालक झाडावर असतो. म्हणून शीटवर दुसरा हात ठेवा, घरातलं मुंबईला असलेलं माणूस, बहुधा मुलगी किंवा सून. काकांनी संध्याकाळी भाव सांगायचा, तिने बदलायचा. या शीटमध्ये गिऱ्हाइकांची नावं आणि फोन नंबर मात्र कधीही ठेवू नका, कारण प्रकाशित शीट कुणालाही वाचता येते. व्यक्तिगत माहितीच्या रक्षणासाठी २०२३ चा कायदाही आहे.

ऑर्डरसाठी व्हॉट्सॲपचं बटण द्या, ते दाबल्यावर संदेश आधीच लिहिलेला हवा: किती पेट्या, पत्ता, पिनकोड. शेजारी थेट फोनचं बटण. बऱ्याच लोकांना पैसे पाठवण्याआधी माणसाचा आवाज ऐकायचा असतो आणि ते बरोबरच आहे.

मराठी नीट दिसली पाहिजे

गावाकडून आलेला जुना मजकूर कधी कधी श्रीलिपी किंवा कृतिदेव या जुन्या, युनिकोड नसलेल्या फॉन्टमध्ये असतो. तो आधी युनिकोडमध्ये बदला आणि ऱ्य, ळ, जोडाक्षरं डोळ्यांनी तपासा. फॉन्ट म्हणून मुंबईच्या ‘एक टाइप’चा मुक्त परवान्याचा ‘मुक्ता’ चांगला आहे. पानाची भाषा मराठी म्हणून नोंदवा. फॉन्टमध्ये सोय असेल तर ल आणि श मराठी वळणाचे येतात.

मथळा ऐसपैस दिसावा म्हणून लेटर-स्पेसिंग (अक्षरांमधलं अंतर) वाढवू नका. इंग्रजीत ते शोभतं, देवनागरीत अक्षरांमधली शिरोरेषा तुटते आणि शब्द तुकड्यातुकड्यांत दिसतो. ओळींत अंतर मोकळं ठेवा, नाहीतर वरची वेलांटी आणि खालचा उकार एकमेकांत घुसतात. पानाच्या शीर्षकात मराठीबरोबर इंग्रजी नावही घाला, कारण शोध दोन्ही लिप्यांत घेतला जातो. शेवटी ब्राउझरमध्ये नेट मुद्दाम मंद करून पान उघडा. भाव आणि फोन नंबर फोटोंच्या आधी दिसले पाहिजेत.

पैसे आणि परवाने

वैयक्तिक धंदा असेल तर मालकाचा यूपीआय क्यूआर पुरतो. बचत गटाचं खातं पदाधिकाऱ्यांच्या संयुक्त सहीने चालतं, म्हणून बँकेकडून गटाच्या नावाचा व्यापारी क्यूआर मागून घ्या. एका ताईंचा खासगी क्यूआर साइटवर लावलात की हिशेबावरून गटात वितुष्ट येतं.

खाण्याच्या मालासाठी एफएसएसएआयचा, म्हणजे केंद्राच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाचा, १४ अंकी क्रमांक साइटवर दिसू द्या. पाकिटबंद मालाचं निव्वळ वजन आणि कमाल किंमतही लिहा. ‘हापूस’ला २०१८ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. ते रत्नागिरी, सिंधुदुर्ग, रायगड, ठाणे आणि पालघर या पाच जिल्ह्यांसाठी आहे. बागायतदाराने अधिकृत वापरकर्ता म्हणून नोंदणी केली असेल तर तो क्रमांक भावाच्या शेजारी लावा. नसेल तर गावाचं आणि तालुक्याचं नाव ठळक लिहा, मानांकनाचं चिन्ह लावू नका.

ग्रामपंचायतीची साइट मागायला कुणी आलं, तर सरकारी डोमेन खासगी माणसाला घेता येत नाही, ती प्रक्रिया ग्रामपंचायतीमार्फतच होते, हे आधी सांगा.

तुमचा मोबदला

गावचं काम म्हणून फुकट करू नका. फुकट साइटला कुणी मजकूरही वेळेवर देत नाही. तीन हप्ते ठेवा: सुरुवातीला, कच्ची साइट दाखवल्यावर, हवाली करताना. डोमेनचा खर्च वेगळा आणि मालकाच्या खिशातून. साधी स्थिर पानं क्लाउडफ्लेअर पेजेससारख्या सेवेवर मोफत बसतात, त्यामुळे मालकाला दरवर्षी फक्त डोमेनचे पैसे लागतात. देखभालीचा करार एका वर्षाचा करा आणि त्यात काय येतं, काय येत नाही, हे मराठीत एका पानावर लिहा. सेवांची वार्षिक उलाढाल २० लाख रुपयांच्या आत असेपर्यंत जीएसटी नोंदणीची सक्ती नाही. आंब्याची पेटी आली तर भेट म्हणून आनंदाने घ्या, हप्त्याच्या बदल्यात नको.

हवाली करताना

एका कागदावर लिहून द्या: डोमेन कुठे घेतलं, कोणत्या ईमेलवर, मुदत कधी संपते, शीट कुठे आहे. डोमेन एकदम १० वर्षांपर्यंत घेता येतं. जमेल तेवढी वर्षं एकदम घेतलेली बरी, कारण मुदत संपून सुटलेलं नाव दुसराच कुणी उचलतो आणि काकांच्या पत्त्यावर जुगाराची जाहिरात दिसू लागते.

मग फोन मालकाच्या हातात द्या आणि भाव बदलायला सांगा. तुम्ही स्क्रीनला हात लावायचा नाही, बोट दाखवून सांगायचंही नाही. कुठे अडलं ते बघून शीट आणखी सोपी करा आणि पुन्हा करून घ्या. नवा भाव साइटवर दिसला की शेवटचा हप्ता मागा.