पोटाच्या डायलिसिसची नळी बसवल्यावर जंतुसंसर्ग कसा टाळावा

नळी बसवून घरी आल्यावर पहिले काही दिवस सगळ्यात अवघड काम एकच: तिला हात न लावणं. त्वचेखाली नळीवर दोन जाडसर पट्टे असतात, त्यांना कफ म्हणतात. त्यांत शरीराची ऊती शिरून घट्ट झाली की जंतूंची वाट अडते. याला काही आठवडे लागतात, आणि मधे बसलेला प्रत्येक हिसका ती जुळणी उसवतो.

१. ऑपरेशनची पट्टी ५ ते १० दिवस उघडू नका. रक्ताने किंवा घामाने भिजली तरच बदलायची, तीही डायलिसिसच्या नर्सकडून. ‘जरा बघू’ म्हणून कोपरा उचलणं नको.

२. नळी पोटाला टेपने चिकटवा. ती स्वतःहून जिकडे वळते तिकडेच ठेवा, थोडी सैल. परकराची किंवा पायजम्याची नाडी बहुधा नेमकी नळी पोटातून बाहेर येते त्या छिद्रावरच येते. दिवसभर घासून तिथे लाली येते. गाठ दुसऱ्या बाजूला घ्या, नाहीतर सैल गाऊन घाला.

३. जखम भरेपर्यंत, म्हणजे साधारण २ ते ४ आठवडे, अंग ओल्या कपड्याने पुसा. नंतर नर्सने परवानगी दिली की वाहत्या पाण्याने आंघोळ करा आणि छिद्र लगेच कोरडं करा. पोहणं, टबात बसणं नाही. रामकुंडातली डुबकीही नाही, २०२७ च्या सिंहस्थातसुद्धा.

४. जखम भरल्यावर रोज, हात धुऊन, छिद्र सांगितलेल्या द्रावणाने पुसा, टिपा आणि डॉक्टरांनी लिहून दिलेलं म्युपिरोसिन (जंतू मारणारं औषध) थोडंसं लावा. खपली ओढू नका. हळद, तूप, पावडर काहीही नको. नळी पॉलियुरेथेनची असेल तर म्युपिरोसिनचं मलम तिला खराब करू शकतं, म्हणून नळी कशाची आहे ते आधी विचारा. बहुतेक सिलिकॉनच्या असतात.

५. पोटात सोडायच्या डायलिसिसच्या पाण्याची पिशवी बदलताना पंखा बंद, दार बंद, तोंडावर मास्क. साबणाने निदान ४० सेकंद हात धुऊन पूर्ण कोरडे करा. ओल्या हातावरून जंतू सहज पसरतात. नळीच्या उघड्या टोकाला बोट लागलं तर क्लॅम्प (नळी बंद करणारा चिमटा) लावा, पिशवी जोडू नका आणि केंद्राला फोन करा. ‘एवढ्याशा स्पर्शाने काय होतंय’ इथे चालत नाही.

बद्धकोष्ठ अंगावर काढू नका. त्याने पाणी नीट निघत नाही आणि आतड्यातले जंतू पोटाच्या आतल्या पातळ अस्तरापर्यंत पोचू शकतात.

छिद्रातून पू, वाढती लाली, नळीच्या वाटेवर दुखरी सूज, ताप किंवा पोटदुखी असेल तर त्याच दिवशी दाखवा. पोटातून निघालेल्या पाण्याची पिशवी छापील कागदावर ठेवून पाहा: अक्षरं वाचता येत नसतील तर पाणी गढूळ आहे, पोट दुखत नसलं तरी. ती पिशवी ओतून टाकू नका, तपासणीला सोबत न्या. सुरगाणा किंवा पेठकडून नाशिकला येणाऱ्यांनी सकाळच्या एसटीची वाट पाहत बसू नये. रात्रीच फोन करून निघावं.