खाडीत रात्रीचा मुक्काम: आधी तिथी, मग नांगर

कुंडलिका खाडीत, रेवदंड्यासमोर कोर्लईच्या डोंगराआड, रात्रीच्या मुक्कामाला जागा छान मिळते. बाहेर वारा असला तरी आत लाटा कमी. पण नांगर टाकायची तयारी घरीच, भिंतीवरच्या कॅलेंडरपासून सुरू करा.

तिथीला पाऊणने गुणलं की पूर्ण भरतीची वेळ मिळते. चतुर्थीला तीनच्या सुमारास, अष्टमीला सहाच्या. पुढची भरती साधारण साडेबारा तासांनी, आणि मध्ये सहा तासांवर ओहोटी. मुंबई-अलिबागच्या किनाऱ्याला हा हिशेब लागू पडतो, तरी तासभर इकडेतिकडे होतंच. म्हणून मी निघण्यापूर्वी छापील तक्त्याशी ताडून घेते. तांडेल, म्हणजे होडी चालवणारी मंडळी मात्र अजून तिथीवरूनच बोलतात, आणि त्यांच्याशी बोलायचं तर हे यायलाच हवं.

पहिला मुक्काम शुद्ध अष्टमी-नवमीला करा, असं मी सगळ्यांना सांगते. तेव्हा भांग असतो, म्हणजे पाण्याची चढउतार कमी आणि ओढही कमी. संध्याकाळी भरतीच्या पाण्यावर आत शिरता येतं, मध्यरात्रीपर्यंत चांदणं मिळतं, आणि पहाटे पुन्हा भरती झाली की ओहोटीबरोबर बाहेर पडता येतं. त्या वेळी जमिनीवरून मतलई वारा वाहत असतो, तो शिडाला आयताच मिळतो. अमावास्या-पौर्णिमेनंतरच्या उधाणात, म्हणजे चढउतार मोठी असते तेव्हा, हीच खाडी वेगळी वागते.

आता दोराचा हिशेब. समजा उधाण आहे आणि चढउतार साडेतीन मीटर धरली. तुम्ही ओहोटीला पोचलात, शिसं बांधलेली दोरी सोडली, पाणी दोन मीटर भरलं. भरतीला ते साडेपाच होणार. नाळ, म्हणजे होडीचं पुढचं टोक, पाण्याच्या वर एक मीटर असेल तर एकूण साडेसहा. त्याच्या पाचपट, म्हणजे बत्तीस-तेहतीस मीटर दोर सोडायचा. वारा वाढायची चिन्हं असतील तर सातपट. नांगराजवळचे पाच-सहा मीटर साखळीच हवी. तिच्या वजनामुळे ओढ आडवी पडते आणि नांगर चिखलात शिरतो. उलट भरतीला पोचलात आणि पाणी साडेतीनच मीटर भरलं, तर ती जागा सोडा. ओहोटीला होडी चिखलावर बसेल.

पाणी सगळे तास सारखं चढत नाही, हेही ध्यानात ठेवा. सहा तासांत बाराव्या हिश्श्याचं प्रमाण एक, दोन, तीन, तीन, दोन, एक असं असतं. मधल्या दोन तासांत अर्धं पाणी येतं नाहीतर जातं. ओढ सर्वांत जोरात तेव्हाच असते, म्हणून नांगर टाकणं-उचलणं त्या वेळी टाळा.

आपल्या मचव्यांवरचा चार दातांचा नांगर खडकात उत्तम धरतो. कुंडलिकेच्या मऊ चिखलाला रुंद पात्यांचा, डॅनफोर्थ धाटणीचा नांगर घ्या. तो फेकू नका. होडीची नाळ प्रवाहाकडे करून हळू सोडा, होडी मागे सरकू द्या, दोर ताणला की इंजिन उलटं फिरवून थोडी ओढ द्या. दोरावर हात ठेवा. नांगर घसरत असेल तर थरथर हाताला कळते.

भरती-ओहोटी बदलली की होडी नांगराभोवती पूर्ण फिरते. सात मीटरची होडी आणि वरचा तेहतीस मीटर दोर म्हणजे चहूबाजूंनी चाळीस मीटर मोकळं पाणी लागतं. डोल जाळ्यांचे खांब आणि साळावकडे जाणाऱ्या बार्जेसची वाट या घेरात येता कामा नये. कोळ्यांच्या जाळ्यांवर त्यांचं पोट आहे. जागा निवडण्याआधी जवळच्या होडीतल्या माणसाला विचारावं, ते आनंदाने सांगतात.

काळोख पडण्याआधी किनाऱ्यावर एकामागे एक अशा दोन खुणा हेरा: झाड आणि मागचा दिवा, असं काही. रात्री त्या एकमेकींपासून सरकू लागल्या की होडी जागेवर नाही. होडी फिरल्यावर नव्या जागी पुन्हा खुणा घ्या. चारी बाजूंनी दिसेल असा पांढरा दिवा वर लावा. प्रवाह उलटण्याच्या वेळेचा गजर लावा आणि होडी फिरून नांगर पुन्हा धरतोय याची खात्री होईपर्यंत जागे राहा.

सकाळी नांगर चिखलातून सुटत नसेल तर कंबरेला त्रास देऊ नका. होडी बरोबर त्याच्या वर आणा, दोर उभा ताणून बांधा आणि चढत्या पाण्याला काम करू द्या. नाळ खाली दबायला लागली तर मात्र लगेच दोर सैल सोडा.