पोर्ट्रेटसाठी पहिला स्टुडिओ फ्लॅश कसा निवडावा

पोर्ट्रेटसाठी पहिला स्टुडिओ फ्लॅश घ्यायला निघालेला माणूस बहुधा एकाच प्रश्नाभोवती घुटमळत असतो, आणि तो प्रश्न म्हणजे किती वॅट-सेकंदांचा (दिव्यात साठणाऱ्या ऊर्जेचे माप) दिवा घ्यावा. हा आकडा महत्त्वाचा आहेच. पण ज्या खोलीत काम करायचे आहे ती केवढी आहे आणि चेहऱ्यावरचा प्रकाश केवढ्या पृष्ठभागावरून येणार आहे, हे आधी ठरलेले असल्याशिवाय त्याला फारसा अर्थ नसतो. सावलीची कड मऊ पडते की कठोर, याचा दिव्याच्या ताकदीशी काही संबंध नाही. चेहऱ्याच्या जागी उभे राहून पाहिल्यास प्रकाशाचा उगम केवढा मोठा दिसतो, त्यावरच ते ठरते. म्हणून निवडीची सुरुवात खोलीपासून करावी आणि आकड्यापर्यंत शेवटी यावे.

खोली मोजताना तीन अंतरे धरावी लागतात. पार्श्वभूमीच्या पडद्यावर सावली पडू नये म्हणून व्यक्ती पडद्यापासून किमान दीड ते दोन मीटर पुढे असावी, चेहऱ्याचा आकार नैसर्गिक दिसावा म्हणून कॅमेरा व्यक्तीपासून दीड-दोन मीटर दूर असावा, आणि कॅमेऱ्यामागे छायाचित्रकाराला उभे राहता यावे. म्हणजे खांद्यापर्यंतच्या पोर्ट्रेटसाठीसुद्धा साडेचार-पाच मीटर लांबी सहज लागते. लांबीचा विचार बहुतेक जण करतात, छताचा मात्र राहून जातो. मुख्य दिवा साधारणपणे डोळ्यांच्या रेषेच्या वरून खाली झुकवून लावतात. उभ्या व्यक्तीसाठी १५० सेंटिमीटरच्या सॉफ्टबॉक्सचा (दिव्यापुढे लावायच्या, प्रकाश मऊ करणाऱ्या कापडी पेटीचा) मध्य दोन मीटर उंचीवर ठेवला, तर त्याची वरची कड पावणेतीन मीटरपर्यंत जाते आणि पुष्कळशा घरांत ती छताला टेकते. अशा खोलीत व्यक्तीला स्टुलावर बसवावे किंवा लहान सॉफ्टबॉक्स घ्यावा. भिंतींचा रंगही पाहून ठेवावा. लहान खोलीतल्या पांढऱ्या भिंती इतका प्रकाश परत फेकतात की चेहऱ्याची सावलीकडची बाजू आपोआप उजळते, आणि भिंती हिरव्या किंवा गुलाबी असतील तर तीच छटा गालावर उतरते. त्यावर काळे कापड हा स्वस्त आणि खात्रीचा उपाय आहे.

आता प्रकाशाच्या उगमाच्या आकाराकडे वळू. सॉफ्टबॉक्सची एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंतची जेवढी लांबी, साधारण तेवढ्याच अंतरावर तो चेहऱ्यापासून ठेवावा, हा जुना अंदाज आजही कामाचा आहे. ९० सेंटिमीटरचा अष्टकोनी सॉफ्टबॉक्स एका मीटरवर असताना नाकाची सावली गालावर हळूहळू विरत जाते. तोच तीन मीटरवर नेला, तर चेहऱ्याच्या दृष्टीने तो लहानसा दिवा होतो आणि सावलीला धार येते. ‘सॉफ्टबॉक्स घेतला, तरी प्रकाश कठोरच येतो’ अशी तक्रार जिथे असते, तिथे बहुतेक वेळा दिवा दूर उभा असतो.

अंतराचा दुसरा परिणाम पार्श्वभूमीवर दिसतो. प्रकाश अंतराच्या वर्गाच्या प्रमाणात कमी होतो, त्यामुळे अंतर दुप्पट झाले की प्रकाश चौथाई उरतो. दिवा चेहऱ्यापासून एक मीटरवर आणि पडदा चेहऱ्याच्या दोन मीटर मागे असेल, तर पडद्याला चेहऱ्याच्या एक नवमांश, म्हणजे सुमारे तीन स्टॉप (प्रत्येक स्टॉपला प्रकाश निम्मा होतो) कमी प्रकाश मिळतो आणि करडा पडदा जवळजवळ काळा दिसतो. दिवा तीन मीटरवर नेल्यास पडद्यावरचा प्रकाश चेहऱ्यापेक्षा फक्त दीड स्टॉप कमी राहतो आणि तोच पडदा पुन्हा करडा दिसू लागतो. हे गणित हाताशी असले की पडद्यासाठी वेगळा दिवा घेण्याची घाई राहत नाही.

पहिला साथीदार म्हणून ९० ते १२० सेंटिमीटरचा अष्टकोनी सॉफ्टबॉक्स घ्यावा. त्यात प्रकाश पसरवणारे आतला आणि बाहेरचा असे दोन पडदे असावेत आणि पुढे जाळीदार ग्रिड लावण्याची सोय असावी. ग्रिडमुळे प्रकाश भिंतींवर सांडत नाही, आणि लहान खोलीत हा गुण फार मोलाचा ठरतो. पांढरी छत्री सॉफ्टबॉक्सपेक्षा स्वस्त असते, उघडताच कामाला लागते आणि तिचा प्रकाशही चांगला असतो; मात्र ती तो चहूकडे फेकते, त्यामुळे जवळजवळ असलेल्या पांढऱ्या भिंतींच्या मध्ये तिला आवर घालता येत नाही. सॉफ्टबॉक्स दर वेळी जोडून पुन्हा मोडून ठेवायचा असेल, तर छत्रीसारखा उघडणाराच निवडावा. काड्या एकेक करून वाकवून बसवण्याचा प्रकार दोन-तीनदा केला की माणूस दिवा काढायलाच कंटाळतो. ब्यूटी डिश (ताटलीसारखा रिफ्लेक्टर), स्नूट (प्रकाशाचा झोत अरुंद करणारी नळी) वगैरे वस्तू दिसायला मोहक असल्या तरी त्यांचा विचार पुढे केव्हातरी करावा.

याच टप्प्यावर सतत जळणाऱ्या एलईडी दिव्याचा विचार मनात येतो, कारण त्यात प्रकाश कसा पडतो आहे ते डोळ्यांना आधीच दिसते. ही सोय खरी आहे, पण त्यामागचा हिशोबही पाहावा. २०० वॅटचा एलईडी दिवा १/१२५ सेकंदात केवळ १.६ वॅट-सेकंद इतकी ऊर्जा वापरतो. तेवढ्याच वेळात २०० वॅट-सेकंदांचा फ्लॅश आपला सगळा साठा रिकामा करतो. एलईडी विजेचे प्रकाशात रूपांतर अधिक चांगले करतो हे धरूनही ही तफावत अनेक स्टॉपची राहते, आणि ती भरून काढायला आयएसओ (कॅमेऱ्याची प्रकाशसंवेदनशीलता) वाढवावा लागतो किंवा शटर मंद करावे लागते. शिवाय प्रखर दिव्यासमोर बसलेल्या माणसाच्या डोळ्यांतल्या बाहुल्या आकुंचन पावतात आणि तो डोळे बारीक करू लागतो. फ्लॅशची चमक इतकी अल्पकाळाची असते की बाहुल्यांना प्रतिसाद द्यायला अवधीच मिळत नाही. व्हिडिओही करायचा असेल तर एलईडी घ्यावा. केवळ स्थिर पोर्ट्रेटसाठी फ्लॅश सरस आहे, आणि प्रकाश आधी पाहण्याची गरज त्यातला मॉडेलिंग लॅम्प, म्हणजे सतत जळणारा छोटा दिवा, भागवतो. हा लॅम्प पुरेसा उजळ आहे ना, हे विकत घेताना आवर्जून पाहावे. खोलीतले इतर दिवे मालवल्यावर त्याच्याच उजेडात कॅमेऱ्याला डोळ्यांवर फोकस करता आला पाहिजे.

आता ताकदीबद्दल. वॅट-सेकंद हा आकडा कपॅसिटरमध्ये साठणारी ऊर्जा सांगतो, बाहेर पडणारा प्रकाश सांगत नाही. फ्लॅशची चमकणारी नळी, रिफ्लेक्टर आणि सॉफ्टबॉक्सचे कापड यांनुसार सारख्याच आकड्याच्या दोन दिव्यांचा प्रकाश वेगवेगळा असू शकतो. आकडा दुप्पट झाला की प्रकाश एका स्टॉपने वाढतो, याचा अर्थ २०० वरून ४०० वर जाण्यासाठी मोजलेल्या जादा पैशांत केवळ अॅपर्चर (लेन्सचे छिद्र) एफ/८ चे एफ/११ होते. मोठ्या समूहाचे छायाचित्र किंवा भर उन्हातले काम नसेल, तर एका-दोघांच्या पोर्ट्रेटसाठी २०० ते ३०० वॅट-सेकंद पुरतात.

जाहिरातीत ठळकपणे न छापला जाणारा, पण घरच्या स्टुडिओत पहिल्याच दिवशी आडवा येणारा आकडा किमान ताकदीचा असतो. समजा, २०० वॅट-सेकंदांच्या दिव्याने सॉफ्टबॉक्समधून, एका मीटरवरून, आयएसओ १०० ठेवून पूर्ण ताकदीला एफ/१६ मिळते. आपल्याला पार्श्वभूमी धूसर हवी आहे, म्हणून एफ/२.८ वर काम करायचे आहे. एफ/१६ पासून एफ/२.८ पर्यंत पाच स्टॉप खाली यावे लागते, म्हणजे दिवा पूर्ण ताकदीच्या १/३२ वर आणावा लागतो. ज्या दिव्याची पट्टी १/३२ पाशी संपते, तो इथे तळाला टेकलेला असतो. ४०० वॅट-सेकंदांच्या दिव्याला याच कामासाठी १/६४ लागेल, आणि तिथपर्यंत तो खाली येत नसेल तर लेन्सवर प्रकाश कमी करणारा एनडी फिल्टर चढवणे किंवा दिवा मागे नेऊन प्रकाशाची मऊ कड घालवणे एवढेच मार्ग उरतात. म्हणून १/१२८ किंवा त्याहून खाली उतरणारा मध्यम ताकदीचा दिवा हा १/१६ वर थांबणाऱ्या दांडग्या दिव्यापेक्षा नवशिक्याच्या अधिक उपयोगाचा असतो. ताकद एक तृतीयांश किंवा एक दशांश स्टॉपच्या पायऱ्यांनी बदलता यावी, हेही पाहावे.

कॅमेऱ्यावर बसणारा छोटा स्पीडलाइट आधीपासून जवळ असेल, तर शिकण्याची सुरुवात त्याच्यावर खुशाल करावी. लहान छत्रीसह तो एका चेहऱ्याला पुरतो, मात्र पूर्ण ताकदीवर तो सावकाश भरतो आणि त्याला मॉडेलिंग लॅम्पची साथ बहुधा नसते. नवा दिवा घ्यायचा असेल तर मोनोलाइट घ्यावा, ज्यात वीजपुरवठा आणि नळी एकाच डब्यात असतात. काम एकाच खोलीत होणार असेल तर विजेवर चालणारा मोनोलाइट स्वस्त पडतो आणि बॅटरी म्हातारी होण्याची चिंता राहत नाही. बाहेर जायचे असेल तर बॅटरीवरचा घ्यावा. वेगळ्या जनरेटर पॅकवर, म्हणजे वीजपुरवठ्याच्या स्वतंत्र पेटीवर, दिव्यांची अनेक डोकी चालवण्याची व्यवस्था मोठ्या स्टुडिओंसाठी आहे.

सॉफ्टबॉक्स ज्या कडीत अडकतो, त्या माउंटची निवड दिव्यापेक्षाही दीर्घकाळ सोबत राहते. बोवेन्स या ब्रिटिश कंपनीचा एस माउंट अनेक कंपन्यांनी स्वीकारला. मूळ कंपनी २०१७ मध्ये बंद पडली, तरी माउंट मात्र टिकून आहे आणि त्याचे सामान सर्वांत सहज मिळते. प्रोफोटो आणि एलिंक्रोम यांची स्वतःची जोडणी आहे आणि ती उत्तम आहे. पण पहिल्या खरेदीत बोवेन्स माउंट घेतला, तर पुढे दिवा बदलला तरी जमवलेले साहित्य वाया जात नाही.

दिव्याला चमकण्याचा इशारा देणारा ट्रिगर रेडिओवर चालणारा आणि शक्यतो दिव्याच्याच कंपनीचा घ्यावा, कारण त्यामुळे कॅमेऱ्यावरूनच ताकद कमी-जास्त करता येते. वर टांगलेल्या दिव्यापर्यंत दर वेळी हात पोहोचवण्यापेक्षा हे किती सोपे आहे, ते वापरल्यावर कळते. टीटीएल या स्वयंचलित मोजणीसाठी जादा पैसे मोजू नयेत. दिवा आणि व्यक्ती यांच्यातले अंतर ठरलेले असताना हाताने लावलेली ताकदच चित्रागणिक एकसारखी राहते. हाय स्पीड सिंकचीही (सिंक मर्यादेपेक्षा वेगवान शटरवर फ्लॅश चालवण्याच्या सोयीची) खोलीत गरज पडत नाही. शटर कॅमेऱ्याच्या सिंक मर्यादेच्या, म्हणजे फ्लॅशसोबत चालणाऱ्या कमाल वेगाच्या, आत, साधारण १/१२५ वर ठेवावे. मर्यादा ओलांडली की चित्राच्या एका कडेला काळी पट्टी येते. जुना, वापरलेला फ्लॅश स्वस्तात मिळत असेल तर एक सावधगिरी बाळगावी: काही जुन्या फ्लॅशच्या सिंक जोडणीवर शेकडो व्होल्टचा दाब असतो आणि तो आजच्या कॅमेऱ्याला इजा करू शकतो, म्हणून असा फ्लॅश तारेने थेट कॅमेऱ्याला जोडू नये.

चमक किती काळ टिकते, हे माहितीपत्रकात टी ०.५ किंवा टी ०.१ असे दिलेले असते. यांतला टी ०.१ चा आकडा अधिक प्रामाणिक असतो, कारण तो चमकेचा जवळजवळ सगळा काळ मोजतो, टी ०.५ साधारण त्याच्या एक तृतीयांश भरतो आणि म्हणून जाहिरातीत तोच आवडता असतो. दोन दिव्यांची तुलना करताना दोन्ही आकडे एकाच पद्धतीचे आहेत ना, ते तपासावे. शांत बसलेल्या माणसासाठी या फरकाने काही बिघडत नाही. उडते केस किंवा उड्या मारणारे मूल टिपायचे असेल, तर बिघडते. आयजीबीटी पद्धतीचे (चमक मध्येच तोडून ताकद कमी करणारे) दिवे कमी ताकदीवर अतिशय झटपट चमकतात, पण त्यांचा प्रकाश किंचित निळसर होतो. साध्या, व्होल्टेज कमी करणाऱ्या दिव्यांत कमी ताकदीवर चमक लांबते आणि रंग किंचित तांबूस होतो.

स्टँडमध्ये काटकसर करू नये. दीड-दोन किलोचा दिवा आणि त्यापुढे सॉफ्टबॉक्स असा भार पुढच्या बाजूला ओढत असतो, म्हणून स्टँडचा एक पाय त्याच दिशेला वळवावा आणि मागच्या पायावर वाळूची पिशवी टाकावी. दिवा तिरपा करण्याचा सांधा प्लास्टिकचा असेल तर सॉफ्टबॉक्स हळूहळू खाली मान टाकतो. दुकानातच सॉफ्टबॉक्स लावून हे पाहून घ्यावे. सावलीकडची बाजू उजळायला दुसरा दिवा लगेच लागत नाही, एक मोठा पांढरा पुठ्ठा पुरतो.

दिवा बंद केल्यावरही कपॅसिटरमध्ये विजेचा जीवघेणा दाब शिल्लक राहतो, त्यामुळे डबा कधीही उघडू नये. नळी बदलताना दिवा बंद करून, प्लग काढून आणि ती गार झाल्यावरच बदलावी, आणि नव्या नळीच्या काचेला उघड्या बोटांनी स्पर्श करू नये.

घरी आणलेल्या दिव्याची चाचणी परत करण्याची मुदत संपण्याआधी घ्यावी. प्रथम फ्लॅश बंद ठेवून आयएसओ १००, एफ/८ आणि १/१२५ वर एक चित्र काढावे. ते काळे आले, तर खोलीतला इतर प्रकाश चित्रात शिरत नाही अशी खात्री होते. मग करड्या कार्डासमोर, व्हाइट बॅलन्स (रंगांचा तोल) हाताने बांधून, एकाच ताकदीवर लागोपाठ दहा चित्रे काढावीत आणि प्रत्येक वेळी दिवा पूर्ण भरल्याची खूण मिळेपर्यंत थांबावे. असे पूर्ण ताकदीवर, मध्यावर आणि किमान ताकदीवर करावे, आणि अॅपर्चर त्या-त्या ताकदीनुसार बदलावे. चित्रे शेजारी-शेजारी ठेवल्यावर उजळपणा मधूनच हलताना दिसला किंवा करड्याची छटा एकाच ताकदीच्या दहा चित्रांत बदलत गेली, तर दिवा परत करावा. तीन ताकदींमध्ये थोडासा रंगफरक दिसला, तर तो सोसण्याजोगा आहे आणि चित्रांवर काम करताना सहज दुरुस्त होतो.