जुना लेगो-अंतराळ संच पुन्हा जुळवताय? या चुका टाळा

दर दोन-तीन महिन्यांनी कोणी ना कोणी मला फोटो पाठवतं. पिवळट पडलेली एक चंद्रगाडी, हनुवटीची पट्टी तुटलेला अंतराळवीर, आणि खाली प्रश्न: "हे पुन्हा नव्यासारखं कसं करू?" प्रश्न वाचूनच माझ्या पोटात गोळा येतो. कारण पाठोपाठ बहुधा दुसरा फोटो येतो, 'करून झाल्यानंतरचा'. तेव्हा सांगण्यासारखं काही उरलेलं नसतं.

मी बोलतोय ते लेगोच्या, म्हणजे एकमेकांत बसणाऱ्या प्लास्टिकच्या ठोकळ्यांच्या खेळाच्या, जुन्या अंतराळ मालिकेबद्दल. १९७८ साली सुरू झालेली, निळ्या आणि करड्या तुकड्यांची, पिवळ्या पारदर्शक काचांची, छातीवर सोनेरी ग्रह आणि त्याला वळसा घालणारं यान छापलेल्या माणसांची. त्यातही मला छोटे संच आवडतात: एक माणूस, चार चाकं किंवा दोन पंख, एखादा अँटेना. तळहातावर मावतात. दहा मिनिटांत जुळतात आणि बिघडवायला पाचच पुरतात.

आठवण छोटी, खरेदी मोठी

ही चूक दुरुस्तीच्या आधीच होते. लहानपणी हातात होती बोटभर बग्गी, पण चाळिशीत हातात पैसे आले की माणूस १९७९ चं गॅलेक्सी एक्सप्लोरर शोधायला निघतो. ३३८ तुकड्यांचं देखणं यान आहे, वादच नाही. पण ते तुमच्याकडे नव्हतं! ते खोक्याच्या मागच्या चित्रात होतं, किंवा शेजारच्या पोराकडे. घरी आणून जुळवलं की आठवडाभर कौतुक होतं, मग ते फळीवर धूळ खातं, आणि माणूस मला विचारतो की "तेव्हासारखं का वाटत नाही?" अहो, तुमचा अंगठा ज्या तुकड्यावर झिजला तो तुकडाच यात नाही. आधी आपला संच नेमका कोणता होता ते आठवा. चाकं किती, माणूस कुठल्या रंगाचा, काच होती की नुसतं सुकाणू. एवढं आठवलं तरी शोध अर्धा संपतो.

शोधताना आकड्याचा घोळ लक्षात ठेवा. त्या काळात एकाच संचाला युरोपात एक क्रमांक आणि अमेरिकेत दुसरा असायचा. तेच गॅलेक्सी एक्सप्लोरर एका ठिकाणी ९२८, दुसऱ्या ठिकाणी ४९७. एकाच क्रमांकाने शोधून "मिळतच नाही" म्हणणारे मला रोज भेटतात. २०२२ मध्ये त्याची मोठी, १२५४ तुकड्यांची नवी आवृत्ती आली तिचा क्रमांक १०४९७. शेवटचे तीन आकडे बघा, बनवणाऱ्यांनाही जुनी आठवण होतीच.

दोन करडे रंग एकत्र करणं

आता माझ्या खऱ्या दुखण्याकडे येतो.

संचातले दोन-चार तुकडे हरवलेले असतात. माणूस म्हणतो, करडा तर करडा, नव्या डब्यातून घेऊ. घेतो, बसवतो, फोटो काढतो, आणि यानाच्या पाठीवर ठिगळ लावल्यासारखं दिसतं. कारण २००४ च्या सुमाराला लेगोने करड्या रंगाची छटाच बदलली. जुना करडा उबदार, किंचित मातकट. नवा निळसर, थंड. गडद करड्याचंही तसंच. वेगवेगळे पाहिले तर दोन्ही 'करडे'च वाटतात. शेजारी ठेवले की मग कळतं.

त्यात जुना करडा वयाने आणखी पिवळा पडलेला असतो, म्हणजे दरी अजून वाढते. लोक म्हणतात, दिव्याखाली चालून जातं. पिवळ्या दिव्याखाली काहीही चालून जातं हो. माझी सवय सांगतो: खात्रीचा जुना एक तुकडा मी छोट्या डबीत ठेवला आहे. कुठलाही करडा तुकडा हातात आला की सकाळी खिडकीपाशी, उन्हात नव्हे, त्याच्या शेजारी ठेवून बघतो. जुळला तर जुन्या पेटीत, नाही तर नव्या. संशय आला तर नव्या. माझ्याकडे तिसरी पेटी नाही, कारण 'नंतर ठरवू'ची पेटी कधीच रिकामी होत नाही.

आणि तुकडा मिळालाच नाही तर? दिसणाऱ्या जागेसाठी जुना तुकडा हवा असेल तर यानाच्या पोटात बघा. आतल्या, झाकल्या जाणाऱ्या ठिकाणी जुना करडा वापरलेला असतो. तो बाहेर आणा आणि आत नवा बसवा. यात फसवणूक वाटत असेल त्यांनी मोकळी जागा मोकळी ठेवावी, तेही चांगलं दिसतं. पण पाठीवर निळसर ठिगळ मात्र नको.

पेरॉक्साइड आणि ऊन

इथे माझं स्वतःचं पाप सांगतो, म्हणजे बाकीच्यांना रागावण्याचा हक्क मिळेल.

१९६३ पासून हे ठोकळे एबीएस नावाच्या प्लास्टिकचे बनतात. अतिनील किरण आणि हवेतला प्राणवायू यांमुळे ते हळूहळू पिवळं पडतं. पांढऱ्यावर लगेच दिसतं, करडा चहाच्या डागासारखा होतो, निळा हिरवटतो. हायड्रोजन पेरॉक्साइडमध्ये बुडवून उन्हात ठेवलं की पिवळेपणा जातो, हे खरं आहे. जुन्या संगणकांच्या पेट्या उजळवणाऱ्यांनी ही युक्ती गाजवली, आणि मी ती अर्धवट वाचली.

औषधाच्या बाटलीत मिळतं ते पेरॉक्साइड साधारण ३ टक्क्यांचं असतं. वेळ लागतो, एक-दोन दिवसही. मला घाई. मी केस रंगवायला वापरतात ती १२ टक्क्यांची क्रीम आणली. करड्या प्लेटा (म्हणजे पातळ, चपटे तुकडे) आणि निळ्या पंखांना ब्रशने फासली, वर पातळ प्लास्टिक गुंडाळलं, भर दुपारच्या उन्हात ठेवलं आणि आत जाऊन झोपलो. उठलो तेव्हा प्लास्टिक एका बाजूने सुटलं होतं आणि तिथली क्रीम वाळून पापुद्रा झाली होती. करड्यावर संगमरवरासारख्या रेघा. निळ्या पंखांचं तर बोलूच नका: दुधात बुडवून काढल्यासारखे पांढुरके, मधेमधे मूळ निळ्या रंगाची बेटं. चोळून, धुऊन, दोन आठवडे वाट बघून काही झालं नाही. ते पंख अजून माझ्याकडे आहेत. कोणी "पटकन होणारा उपाय सांगा" म्हटलं की मी फक्त त्यांचा फोटो पाठवतो.

तेव्हापासूनचा माझा रिवाज असा. क्रीम नाही, पातळ द्रावणच, आणि तुकडे पूर्ण बुडालेले. ते तरंगतात, म्हणून वर काचेची बशी. हातात मोजे, डोळ्यांना चष्मा, बरणीचं झाकण सैल, कारण आत वायू तयार होतो. दर तासाला ढवळणं आणि एक तुकडा बाहेर काढून बघणं. निळ्याला मी सगळ्यात कमी वेळ देतो आणि 'अजून थोडं हवं होतं' असं वाटतं तिथेच थांबतो. छापील तुकडे, म्हणजे ग्रहाचं चिन्ह किंवा नियंत्रण-फलक असलेले, मी बुडवतच नाही. ती छपाई परत मिळत नाही.

एवढं करूनही पिवळेपणा काही वर्षांनी परतू शकतो. म्हणून हल्ली मी बहुतेक संचांना हातच लावत नाही. एकसारखा पिवळट झालेला संच मला आवडतो. अर्धा उजळ, अर्धा पिवळा असला की तो भिकार दिसतो.

उकळतं पाणी

नको. कोमट, ४० अंश सेल्सिअसच्या आत, भांड्याच्या साबणाचे दोन थेंब आणि मऊ ब्रश. कंपनीही हेच सांगते. कपड्यांच्या किंवा भांड्यांच्या यंत्रात तर नकोच. पारदर्शक काचा वेगळ्या धुवा, नाहीतर बाकीच्या तुकड्यांवर घासून त्यांची मजा जाते. स्टिकर लावलेला तुकडा पाण्यात टाकलात तर स्टिकर सुट्टा तरंगेल. वाळवताना केस वाळवायचं यंत्र नको. फडक्यावर उलटे ठेवा आणि एक रात्र विसरून जा. विसरणं हीसुद्धा या छंदातली एक कला आहे.

दात आणि चाकू

सगळ्यांनी दाताने तुकडे सोडवले आहेत, मीही. जुन्या प्लेटांच्या कडांवर ते दात आजही दिसतात. लहानपणच्या दातांच्या खुणा मला प्रिय आहेत, पण चाळिशीतल्या दातांना मी माफ करत नाही. चाकू तर निव्वळ आळस. १९९० पासून ठोकळे सोडवायची छोटी पट्टी मिळते, ती वापरा. दोन पातळ प्लेटा एकमेकींना चिकटल्या असतील तर एकीच्या वर आणि दुसरीच्या खाली एकेक मोठा ठोकळा घट्ट बसवा आणि दोन्ही विरुद्ध बाजूंना वाकवा. पकड मिळाली की सुटतात.

चित्र न बघता जुळवणं

नव्या संचांच्या पुस्तिका एका पायरीला दोन-तीन तुकडे देतात आणि बाजूला यादीही छापतात. जुन्या पत्रकात यादी नसते. दोन चित्रांमधला फरक स्वतः शोधायचा, एका पायरीत पाच-सहा तुकडे आलेले असतात आणि त्यातला एखादा अर्धा झाकलेला. नवशिके इथे पायरी उडवतात आणि शेवटी एक तुकडा उरला की "जास्तीचा दिला असेल" म्हणतात. उरलेला तुकडा जवळजवळ नेहमी नाकाच्या किंवा इंजिनाच्या खाली हवा असतो. यानाचं नाक खाली झुकलं असेल तर प्लेटा मोजा: ठोकळ्याची उंची ९.६ मिलिमीटर, प्लेटची ३.२, म्हणजे तीन प्लेटा म्हणजे एक ठोकळा. एक प्लेट कमी पडली की सगळं यान शरमल्यासारखं दिसतं.

काळा आणि गडद निळा जुन्या छपाईत ओळखू येत नाहीत. त्याला माझा उपाय एवढाच की खोक्यावरचा फोटोही बघा.

गोंद

कोणत्याही कारणासाठी नको.

माणूस बदलणं

त्या छोट्या संचात एकच माणूस असतो आणि त्याचं हेल्मेट बहुतेक वेळा हनुवटीपाशी तुटलेलं असतं. सुरुवातीच्या हेल्मेटांची पट्टी फार बारीक होती. नंतर ती जाड केली गेली. ही मोडतोड इतकी सार्वत्रिक आहे की २०१४ च्या लेगो चित्रपटातल्या निळ्या अंतराळवीराला, बेनीला, मुद्दामच तसं हेल्मेट दिलं होतं.

लोक काय करतात? कुठलंही हेल्मेट आणून बसवतात. १९८७ पासून वर-खाली होणारी काच आली, तिच्यासाठी हेल्मेटच्या दोन्ही बाजूंना सोय आहे. ते हेल्मेट पहिल्या काळातल्या माणसाच्या डोक्यावर घातलं की आजोबांना नातवाची टोपी घातल्यासारखं दिसतं. रंगांचंही तसंच: आधी लाल आणि पांढरे, मग पिवळे, आणि निळे व काळे १९८४ मध्ये. हेल्मेट, पाठीवरची हवेची टाकी आणि अंग, तिन्ही एकाच रंगाची. १९७९ च्या संचात निळा माणूस बसवून "अगदी मूळ" म्हणणाऱ्यांना मी हल्ली उत्तर देत नाही.

नकली माणसंही भरपूर फिरतात. डोक्यावरच्या आणि ठोकळ्यांवरच्या गोल उंचवट्यांवर कंपनीचं नाव कोरलेलं आहे का ते भिंगाने बघा. छातीवरचा ग्रह फारच चकचकीत असेल तर संशय घ्या. चाळीस वर्षं पोरांच्या हातात राहिलेला ग्रह अर्धा पुसलेलाच असतो.

मीही एकदा माणूस बदलला होता. लाल अंतराळवीर, तुटकी पट्टी, ग्रहाची जेमतेम एक कड उरलेली. मेहनतीने शोधून त्याच काळातलं, त्याच रंगाचं, धड हेल्मेट आणि स्वच्छ छपाईचं अंग आणलं. सगळं नियमाला धरून. बग्गीत बसवून धाकट्या बहिणीला दाखवलं. तिने उचलला, अंगठ्याने छातीवरून हात फिरवला आणि म्हणाली, "दादा, हा आपला नाहीये. आपल्याचा ग्रह मी घासून घासून घालवला होता, आठवतं?"

जुना माणूस 'बाद' लिहिलेल्या पाकिटात होता. त्याच संध्याकाळी तो परत बग्गीत बसवला. हेल्मेट जरा सैल आहे, गाडी उलटी केली की पडतं, म्हणून मी ती उलटी करत नाही.