केएनएक्स बसच्या लाइन आयपी नेटवर्कवरून जोडताना

मोठ्या इमारतीतील दिवे, पडदे आणि वातानुकूलन यांचे नियंत्रण केएनएक्स बसवर, म्हणजे उपकरणे सामाईक केबलवरून एकमेकांना संदेश पाठवतात त्या पद्धतीवर असेल, तर ते एका लाइनमध्ये, म्हणजे केबलच्या एका शाखेत, मावत नाही. मजल्यागणिक किंवा विभागागणिक वेगळी लाइन घ्यावी लागते आणि मग या लाइन एकमेकींशी बोलत्या करण्याचा प्रश्न उभा राहतो. जुन्या पद्धतीत प्रत्येक लाइनच्या तोंडाशी लाइन कपलर (एका लाइनवरचे संदेश दुसरीकडे पोहोचवणारे उपकरण) बसवून त्या सगळ्या एका मुख्य लाइनला जोडत असत, आणि ती मुख्य लाइनही त्याच हिरव्या केबलची, म्हणजे सेकंदाला ९६०० बिट वेगाचीच असे. आता मुख्य लाइनच्या जागी इमारतीचे इथरनेट येते आणि लाइन कपलरच्या जागी केएनएक्स आयपी राउटर येतो. जोडणी एवढीच असली, तरी ती करण्यापूर्वी एक गोष्ट मनात पक्की असावी लागते: मधला रस्ता वेगवान झाला म्हणून लाइनचा वेग वाढत नाही. पुढे सांगितलेली बहुतेक काळजी याच एका कारणासाठी आहे.

हे आकड्यांत पाहू. भिंतीवरचे बटण दाबल्यावर दिवा लावण्याचा जो साधा टेलिग्राम, म्हणजे बसवरचा संदेश, निघतो, तो ९ बाइटचा असतो. केबलवर प्रत्येक बाइट ११ बिटांचा होऊन जातो आणि त्यानंतर २ बिटांची विश्रांती असते, म्हणजे टेलिग्रामचे ११७ बिट होतात. त्याआधी लाइन ५० बिटांइतका वेळ शांत असावी लागते, टेलिग्राम संपल्यावर १५ बिटांनी पोच यायची असते आणि त्या पोचेचे स्वतःचे १३ बिट असतात. ही बेरीज १९५ होते. एका बिटाला १०४ मायक्रोसेकंद लागतात, त्यामुळे एका टेलिग्रामसाठी लाइन सुमारे २० मिलिसेकंद अडकते, म्हणजेच एका लाइनवरून सेकंदाला फार तर ५० टेलिग्राम जाऊ शकतात. इथरनेटच्या दृष्टीने हा भार नगण्य आहे. पण दहा लाइनवरचे टेलिग्राम एकाच वेळी अकराव्या लाइनच्या दारात आले, तर तेथील राउटरपुढे रांग लागते आणि रांगेची जागा भरली की पुढचे टेलिग्राम गळतात.

आधी कागदावर

काम सुरू होते ते पत्त्यांच्या आराखड्यापासून. प्रत्येक उपकरणाचा स्वतंत्र पत्ता विभाग (येथे अनेक लाइनचा गट), लाइन आणि उपकरण अशा तीन भागांचा असतो, आणि शेवटचा भाग शून्य असलेला पत्ता कपलरसाठी राखीव असतो. राउटर लाइन कपलरच्या जागी बसणार असेल, तर त्याचा पत्ता १.१.०, १.२.० असा असतो. तेव्हा मुख्य लाइन म्हणजेच आयपी नेटवर्क. राउटर विभाग कपलरच्या जागी बसणार असेल, तर पत्ता १.०.०, २.०.० असा असतो आणि त्याच्याखाली मुख्य लाइन व लाइन कपलर पूर्वीसारखेच केबलवर राहतात. एकाच विभागात या दोन पद्धती मिसळू नयेत. १.०.० पत्त्याचा राउटर असताना त्याच्याखाली १.३.० पत्त्याचा दुसरा आयपी राउटर लावला, तर तिसऱ्या लाइनकडे जाण्यासाठी टेलिग्रामला दोन वाटा मिळतात आणि तो गोल गोल फिरू लागतो. जुन्या इमारतीत राउटर बसवताना पूर्वीचा एखादा लाइन कपलर पॅनलमध्ये तसाच जोडलेला राहतो आणि नेमके हेच घडते. म्हणून प्रत्येक पॅनल उघडून जुनी जोडणी डोळ्यांनी पाहावी, केवळ नकाशावर विसंबू नये.

टेलिग्राममध्ये उड्यांची, म्हणजे अजून किती कपलर ओलांडता येतील याची, मोजणी असते आणि ती सहसा ६ पासून सुरू होते. १.१.५ या बटणाने १.३.१२ या ॲक्च्युएटरला (आज्ञेप्रमाणे दिवा चालू-बंद करणाऱ्या उपकरणाला) हाक मारली, की १.१.० राउटर ती ५ करतो, १.३.० राउटर ४ करतो आणि दिवा लागतो. मोजणी शून्यावर आली की पुढचा कपलर टेलिग्राम अडवतो. त्यामुळे वळसा पडलेल्या जोडणीतही टेलिग्राम अनंतकाळ फिरत नाही. पण शून्यावर येईपर्यंत प्रत्येक बटणामागे निरर्थक प्रती लाइनवर पडत राहतात आणि वर काढलेला ५० चा हिशेब कोलमडतो.

शक्य तेथे बटण आणि त्याचा ॲक्च्युएटर एकाच लाइनवर ठेवावा, असा माझा आग्रह आहे. तारांच्या सोयीसाठी हा नियम मोडण्याचा मोह होतो, परंतु नेटवर्क स्विच बंद पडल्यावर खोलीतला दिवा खोलीतल्या बटणाने लागला पाहिजे. लाइन ओलांडून जावे ते मध्यवर्ती आज्ञांनी, हवामानाच्या नोंदींनी आणि देखरेखीच्या स्क्रीनसाठी लागणाऱ्या माहितीने. त्यातही 'सर्व दिवे बंद' ही आज्ञा एकाच गट-पत्त्यावरून, म्हणजे अनेक उपकरणे एकत्र ऐकतात अशा सामाईक पत्त्यावरून, द्यावी. तीच आज्ञा दोनशे वेगवेगळ्या गट-पत्त्यांवर एकापाठोपाठ पाठवली, तर ती पुरी व्हायला चार सेकंद लागतात आणि तेवढा वेळ लाइनवर दुसऱ्या कशालाही जागा मिळत नाही.

राउटर, इंटरफेस आणि पहिली जोडणी

बाजारात आयपी इंटरफेस आणि आयपी राउटर ही दोन उपकरणे दिसायला जवळपास सारखी असतात. इंटरफेस फक्त टनेलिंग करतो, म्हणजे एका संगणकाला किंवा सर्व्हरला एका लाइनपर्यंत नेतो. लाइन लाइनला जोडण्यासाठी राउटिंग लागते आणि ते राउटरच करतो. ऑर्डर देताना या शब्दाकडे नीट पाहावे.

प्रत्येक लाइनला तिचा स्वतःचा चोकसह (वीज आणि संदेश वेगळे राखणाऱ्या घटकासह) वीजपुरवठा लागतो, आणि केबलची मर्यादा पूर्वीचीच राहते: एका खंडात (लाइनच्या सलग तुकड्यात) एकूण १००० मीटर, वीजपुरवठ्यापासून कोणतेही उपकरण ३५० मीटरच्या आत. काही राउटर बसवरूनच चालतात, काहींना नेटवर्क केबलमधून किंवा वेगळ्या २४ व्होल्टच्या स्रोतातून वीज द्यावी लागते. बसच्या वीजपुरवठ्याला बॅटरी आहे आणि नेटवर्क स्विचला नाही, अशी स्थिती फार ठिकाणी आढळते. मग वीज गेल्यावर प्रत्येक लाइन जिवंत असते, पण एकटी पडलेली असते.

नवा राउटर सहसा १५.१५.० या पत्त्याने येतो. सगळे राउटर एकदम जोडून टाकले, तर सगळ्यांचा पत्ता एकच होतो, म्हणून एकेक राउटर जोडावा, त्याला त्याचा पत्ता द्यावा आणि मगच पुढच्याकडे वळावे. ईटीएस या केएनएक्स प्रोग्रॅम करण्याच्या सॉफ्टवेअरमधील प्रकल्पात मुख्य लाइनचे माध्यम आयपी असे निवडावे. राउटरचा आयपी पत्ता स्थिर ठेवावा किंवा नेटवर्कमध्ये आपोआप पत्ते वाटणाऱ्या डीएचसीपी सर्व्हरवर राखून ठेवावा. पत्ता न मिळाल्यास राउटर स्वतःच १६९.२५४ ने सुरू होणारा पत्ता घेतो, आणि टनेलिंग का जुळत नाही याचे उत्तर बऱ्याचदा तेथेच सापडते. टनेलिंगच्या प्रत्येक वाटेलाही त्या लाइनमधला एक वेगळा स्वतंत्र पत्ता द्यावा लागतो. तो दुसऱ्या उपकरणाला दिला गेला, तर दोन्हींच्या वागण्यात न उलगडणारे दोष दिसू लागतात.

मल्टिकास्ट

राउटर एकमेकांशी यूडीपी या नेटवर्क-पद्धतीच्या ३६७१ या पोर्टवरून, २२४.०.२३.१२ या मल्टिकास्ट पत्त्यावर बोलतात. एक राउटर टेलिग्राम सोडतो आणि त्या गटात नाव नोंदवलेले सगळे राउटर तो एकाच वेळी ऐकतात. त्याची पोच कोणी देत नाही, हरवलेले पॅकेट कोणी पुन्हा मागत नाही. म्हणून सगळे राउटर एका व्हीलॅनमध्ये (नेटवर्कच्या वेगळ्या राखलेल्या एका भागात), तारेच्या जोडणीवर ठेवावेत. वायफायवरून मल्टिकास्ट भरवशाने पोहोचत नाही. एकाच नेटवर्कवर दोन स्वतंत्र प्रकल्प असतील, तर दुसऱ्यासाठी २३९ ने सुरू होणारा वेगळा मल्टिकास्ट पत्ता निवडावा. उपकरणांचा शोध मात्र तरीही २२४.०.२३.१२ वरूनच होतो, हे लक्षात असू द्यावे.

या भागात माझे स्वतःचे दोन दिवस गेले आहेत, म्हणून येथे थोडे थांबतो. एका इमारतीत सगळे राउटर बसवून झाले, चाचणी झाली, मध्यवर्ती बटणाने पाचही मजल्यांचे पडदे उतरले. पाच मिनिटांनी तेच बटण दाबले, तर फक्त त्याच मजल्याचे पडदे हलले. राउटर बंद करून चालू केला की पुन्हा सगळे सुरळीत होई आणि काही मिनिटांनी पुन्हा बंद पडे. राउटर सदोष आहे असे धरून आम्ही तो बदलला आणि नवाही तसाच वागला. शेवटी घड्याळ लावून बसलो, तेव्हा दर वेळी साधारण सव्वाचार मिनिटांनी दळणवळण तुटत असल्याचे दिसले.

कारण नेटवर्क स्विचमध्ये होते. आयजीएमपी स्नूपिंग चालू असलेला स्विच कोणत्या पोर्टवर कोणत्या मल्टिकास्ट गटाचा सदस्य आहे याची यादी ठेवतो आणि बाकी पोर्टवर ते पॅकेट पाठवत नाही. केएनएक्स राउटर चालू होताना आपली सदस्यता एकदा कळवतो. पुढे नेटवर्कमधील कोणी तरी 'अजून आहात का' असे ठरावीक अंतराने विचारावे लागते. हा विचारणारा म्हणजे आयजीएमपी क्वेरिअर. तो नसेल तर कोणी उत्तरही देत नाही, आणि प्रचलित मूल्यांनुसार २६० सेकंदांनी स्विच ती नोंद पुसून टाकतो. आमच्याकडे स्नूपिंग चालू होते आणि क्वेरिअर कोठेही नव्हता. एका स्विचवर तो चालू करताच दोष गेला. म्हणून नेटवर्क सांभाळणाऱ्यांशी पहिल्याच बैठकीत हे लेखी ठरवून घ्यावे: स्नूपिंग ठेवायचे असेल तर क्वेरिअर हवाच, नाही तर त्या व्हीलॅनपुरते स्नूपिंग बंद करावे. चाचणीही किमान दहा मिनिटांच्या अंतराने दोनदा घ्यावी.

फिल्टर

राउटरमधील फिल्टर-तक्ता कोणता गट-पत्ता लाइनमध्ये येऊ द्यायचा आणि कोणता बाहेर जाऊ द्यायचा हे ठरवतो. हा तक्ता ईटीएस आपोआप तयार करते, पण तो राउटरमध्ये उतरवण्याचे काम आपले. नव्या लाइनवरच्या उपकरणाला जुना गट-पत्ता जोडला आणि फक्त ते उपकरण प्रोग्रॅम केले, तर टेलिग्राम दारातच अडतो. राउटरही पुन्हा प्रोग्रॅम करावा लागतो.

आयपीच्या बाजूला असलेला देखरेखीचा सर्व्हर पुष्कळदा ईटीएसच्या प्रकल्पात उपकरण म्हणून नसतो. मग त्याला कोणते गट-पत्ते लागतात हे ईटीएसला कळत नाही आणि लाइनच्या आत राहणारा पत्ता तक्त्यात येत नाही. घाईत असलेले लोक अशा वेळी फिल्टर काढून सगळे टेलिग्राम मोकळे सोडतात. तसे करू नये, कारण मग प्रत्येक लाइनवर सगळ्या इमारतीचे बोलणे ऐकू येते. प्रकल्पात एक डमी उपकरण घेऊन त्याला सर्व्हरचे गट-पत्ते जोडले, की तक्ता अचूक तयार होतो. मोजमापाची मूल्ये दर सेकंदाला पाठवणारे सेन्सरही याच वेळी तपासावेत. तापमान अर्ध्या अंशाने बदलल्यावर कळवले तरी पुरते.

बाहेरून प्रवेश

दुरून देखभाल करण्यासाठी ३६७१ पोर्ट इंटरनेटवर उघडणे हा या सगळ्या कामातला सर्वांत धोकादायक प्रकार आहे. २०२१ मध्ये जर्मनीतील एका कार्यालयीन इमारतीत असेच घडले. उघड्या पोर्टमधून शिरलेल्यांनी बहुतेक उपकरणांचे प्रोग्रॅम पुसले आणि त्यांवर बीसीयू की (उपकरणाचे प्रोग्रॅमिंग अडवणारा पासवर्ड) टाकून ती कुलूपबंद केली. तज्ज्ञांना ती की अखेर एका उपकरणाच्या मेमरीतून शोधून काढावी लागली. आपल्या प्रकल्पात ही की स्वतःच ठरवून नोंदवून ठेवावी आणि बाहेरून येण्यासाठी केवळ व्हीपीएन (इंटरनेटवरची सुरक्षित खासगी जोडणी) वापरावे. व्हीपीएनमधून मल्टिकास्ट सहसा जात नाही, तेव्हा तेथे टनेलिंग वापरायचे.

केएनएक्स आयपी सिक्युअर प्रकारचे राउटर घेतले, तर आयपीवरचे टेलिग्राम १२८ बिटांच्या एईएस पद्धतीने सांकेतिक होतात. मात्र एका नेटवर्कवर सगळे राउटर सिक्युअर असावे लागतात. साधा राउटर त्यांच्या संभाषणात भाग घेऊ शकत नाही. प्रत्येक उपकरणावरचा क्यूआर कोड पॅनल बंद करण्यापूर्वी स्कॅन करून प्रकल्पासोबत जपावा. हे संरक्षण आयपीपुरतेच आहे, लाइनवरचा टेलिग्राम उघडाच राहतो.

ताब्यात देण्यापूर्वी

ईटीएसचा ग्रुप मॉनिटर एका लाइनवर आणि वायरशार्क (नेटवर्कवरची पॅकेट दाखवणारे सॉफ्टवेअर) आयपीवर, असे दोन्ही एकाच वेळी चालू करून मध्यवर्ती आज्ञा द्यावी. आयपीवर दिसलेला टेलिग्राम लाइनवर दिसला नाही, तर फिल्टर पाहावा. आयपीवरच दिसला नाही, तर मल्टिकास्ट पाहावा. वायरशार्कमध्ये टेलिग्राम गळाल्याचा किंवा व्यस्त असल्याचा राउटरने पाठवलेला संदेश दिसला, तर त्या लाइनवर भार जास्त आहे, आणि तो पाठवणाऱ्या उपकरणांच्या बाजूनेच कमी करावा लागतो. वाऱ्याच्या इशाऱ्यासारखी सुरक्षेची माहिती ठरावीक वेळाने पुन्हा पुन्हा यावी आणि ती न आल्यास पडद्यांनी स्वतःहून सुरक्षित स्थितीत जावे, अशी मांडणी झाली आहे ना, हे सेन्सर काढून पाहावे.

शेवटी नेटवर्क स्विचची वीज बंद करावी आणि प्रत्येक मजल्यावर हातात वही घेऊन फिरावे. प्रत्येक खोलीतले बटण दाबून पाहावे. जेथे दिवा लागत नाही त्या खोलीचे नाव लिहावे आणि त्या बटणाची किंवा ॲक्च्युएटरची लाइन बदलून घ्यावी.