जुनिपरचे पहिले रोप आणायला निघण्यापूर्वी

बोन्सायसाठी जुनिपरचे पहिले रोप आणायला निघण्यापूर्वी ते घरी कुठे राहणार आहे ती जागा पक्की करावी, कारण मुंबईत जुनिपर बहुधा जागेपायी जाते. हे मूळचे थंड हवेचे झाड. हिवाळ्यात विसावा घेण्याची त्याची गरज आपल्या हवेत पुरी होत नाही, त्यामुळे इथे ते सावकाश वाढते आणि त्याला चुका फारशा सोसत नाहीत. दिवाणखान्यातल्या टीपॉयवर ते टिकत नाही. पाच-सहा तास थेट ऊन आणि खेळती हवा मिळेल अशी गच्ची, बाल्कनी किंवा खिडकीची ग्रिल हवी, आणि जूनपासून पुढे सततच्या पावसात कुंडी चिंब राहू नये म्हणून तिच्यावर पारदर्शक पत्रा धरता येईल का, हेही आजच पाहून ठेवावे.

खरेदीचा काळ नोव्हेंबरअखेरपासून फेब्रुवारीपर्यंतचा धरावा. ऑक्टोबरचा उकाडा ओसरलेला असतो आणि उन्हाळ्यापूर्वी रोपाला नव्या जागेत रुळायला अवधी मिळतो. भायखळ्याच्या राणीच्या बागेत महापालिकेचे झाडाफुलांचे प्रदर्शन साधारण याच सुमारास भरते. तिथली घडवलेली बोन्साय आधी डोळे भरून पाहून घ्यावीत, म्हणजे कोणत्या बुंध्यातून पुढे काय घडू शकते याचा अंदाज येतो. भर पावसाळ्यात मात्र रोप आणू नये. त्या दिवसांत सगळीच झाडे टवटवीत दिसतात आणि मुळांची खरी अवस्था झाकली जाते.

नर्सरीत जाताना सोबत फार काही लागत नाही. एक पांढरा कोरा कागद, बांबूची बोथट काडी, लहान फूटपट्टी, टॉर्च आणि रोप उभे राहील अशी रुंद बुडाची पिशवी पुरे. चकचकीत ट्रेमध्ये लावलेले, वर गोटे चिकटवलेले ‘तयार बोन्साय’ मागू नये. काळ्या पिशवीत किंवा साध्या आठ-दहा इंची कुंडीत वाढलेले रोप मागावे, कारण तेच पुढे आपल्या हाताने घडवता येते. नावाचीही खात्री करून घ्यावी. पुष्कळदा मोरपंखीचे रोपच जुनिपर म्हणून हातात दिले जाते. मोरपंखीची पाने चपट्या, उभ्या पंख्यांसारखी असतात, तर जुनिपरची डहाळी बोटांत फिरवली की गोल लागते. एकाच जुनिपरवर टोचणारी सुईसारखी पाने आणि मऊ खवल्यांसारखी पाने दोन्ही दिसली तर बिचकू नये, कारण कोवळ्या आणि जून वाढीतला तो नेहमीचा फरक आहे.

आता मुख्य काम, म्हणजे बुंधा पाहणे. पुष्कळशा रोपांचा बुंधा मातीत एक-दोन इंच गाडला गेलेला असतो, म्हणून विक्रेत्याची परवानगी घेऊन काडीने वरची माती हलकेच बाजूला करावी आणि मुळे कुठून फुटतात ते पाहावे. चहूबाजूंना पसरलेली, जमीन धरून बसल्यासारखी मुळे मिळाली तर ते रोप उंचीने कमी असले तरी सोडू नये. मूळ एकाच बाजूला असेल किंवा दोरखंडासारखे बुंध्याला वेढून बसलेले असेल, तर पुढचे रोप पाहावे. खोड खाली जाड आणि वर निमुळते होत गेलेले असावे, आणि पहिली फांदी शक्य तितकी खाली असावी. उंची आपण एका छाटणीत कमी करू शकतो, पण लहान ट्रेमध्ये गेलेल्या झाडाचा बुंधा फुगायला वर्षानुवर्षे लागतात, म्हणून जाडी विकत घ्यावी आणि उंचीच्या मोहात पडू नये.

यानंतर फांद्या दोन्ही हातांनी उघडून आत टॉर्च मारावा. बाहेरून गच्च दिसणारे झुडूप आतून काडीकाडी निघते. जुनिपर उघड्या लाकडावर सहसा नवा फुटवा देत नाही, त्यामुळे फांदीवरचे सगळे हिरवे छाटले की ती फांदीच जाते, आणि खोडाजवळ हिरवे नसलेल्या रोपाला आखूड करायला वावच उरत नाही. आतली थोडी जुनी पाने सावलीमुळे तपकिरी झालेली चालतात. टोके मात्र ताजी हवीत.

रंगावर एकट्यावर विसंबू नये, हे मी नुकसान सोसून शिकलो. माझे पहिले जुनिपर आणले तेव्हाच त्याची मुळे कुजलेली होती, पण पाने पुढे कितीतरी आठवडे हिरवीच राहिली आणि मी रोज श्रद्धेने पाणी घालत राहिलो. या झाडाचा मृत्यू रंगावर उशिरा उमटतो. म्हणून कुंडीच्या तळाच्या छिद्राशी नाक नेऊन वास घ्यावा (आंबूस, कुजका वास नको), आणि खोड हलकेच हलवून ते मुळाशी डगमगते का पाहावे. शेवटी फांदीखाली पांढरा कागद धरून फांदीवर टिचकी मारावी. कागदावर पडलेले बारीक ठिपके चालू लागले, तर ती लाल कोळी नावाची कीड आहे आणि ते रोप घरी आणायचे नाही.

घरी चाळलेला विटांचा चुरा, जाड वाळू आणि थोडे पालापाचोळ्याचे खत आधी जमवून ठेवावे. नर्सरीतली चिकट लाल माती आपल्या पावसात घट्ट बसते आणि मुळांचा श्वास कोंडतो. मात्र आणल्या आणल्या कुंडी बदलू नये. पहिले वर्ष रोपाला सावरू द्यावे, ॲल्युमिनियमच्या तारेने एखादी फांदी वळवण्यापलीकडे जाऊ नये, आणि मुळांचे काम, म्हणजे कुंडी आणि माती बदलणे, पुढच्या जानेवारी-फेब्रुवारीत, छाटणीपासून वेगळे करावे. पाणी ठरल्या वेळी घालण्यापेक्षा बोट इंचभर मातीत घालून वरचा थर सुकू लागल्यावरच द्यावे. आणल्या दिवशी कुंडीवर तारखेची पट्टी लावून एक फोटो काढावा, आणि दर महिन्याला त्याच बाजूने, सकाळच्या त्याच उजेडात दुसरा काढून शेजारी ठेवावा, म्हणजे टोकांचा उतरता रंग डोळ्यांना जाणवण्याआधी फोटोत दिसतो.